कितव्या गोळीला डाग लागला?

गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातली अकरावी गोळी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यावर तपकिरी डाग दिसला. तोवर सगळं सुरळीत चाललेलं असतं. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की पाकिटावरच्या बाणाच्या दिशेने एक गोळी. पाळी येऊन जेमतेम दोन आठवडे झालेले, मग मधेच हे काय? जाऊबाई म्हणतात, गोळी उष्ण पडली. शेजारीण म्हणते, मला नव्हती सोसली, तुलाही नाही सोसायची. बारावी गोळी घेतलीच जात नाही. दोन-तीन दिवसांत त्या डागाचं पाळीसारखं जाणं होतं आणि गोळीनेच हे केलं, यावर घरात शिक्कामोर्तब होतं.

पहिला डाग गोळीमुळे होता, हे खरं. नंतरचं भरभरून जाणं मात्र गोळी थांबवल्यामुळे होतं. या दोन रक्तांमधला फरक गर्भनिरोधक गोळी सुरू करतानाच समजला, तर कितीतरी पाकिटं अर्ध्यावर टाकली जाणार नाहीत. म्हणून मधेच लाल दिसलं, की ‘किती गेलं’ याच्याही आधी विचारावं, कितव्या गोळीला गेलं?

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन घ्या किंवा दुकानात मिळणारी माला-डी. दोन्हींच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. पहिल्या 21 गोळ्यांत दोन हार्मोन असतात, लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं) 0.15 मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडायॉल (हे इस्ट्रोजेन) 0.03 मिलिग्रॅम. उरलेल्या सात गडद रंगाच्या गोळ्यांत फक्त लोह, म्हणजे 60 मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट. एकविसावी गोळी संपली की हार्मोनचा पुरवठा तुटतो आणि लोहाच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या गोळीच्या सुमारास रक्त येतं. आपण त्याला पाळी म्हणतो, पण ती शरीराने आपल्या हिशेबाने आणलेली पाळी नसते. त्या महिन्यात बहुधा बीज सुटलेलंच नसतं. हार्मोन काढून घेतले म्हणून अस्तर गळलं, एवढाच त्याचा अर्थ. अकराव्या गोळीवर थांबणारी बाई हेच दहा दिवस आधी घडवून आणते. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उरलेल्या गोळ्या चालू करते आणि मग कोणता डाग कशाचा हे तिला कळत नाही, डॉक्टरांनाही कळत नाही.

लोहाच्या सात गोळ्या घ्यायच्या की नाहीत, असं पुष्कळ जणी विचारतात. त्या घेतल्या नाहीत तरी गर्भ राहण्यापासूनचं संरक्षण कमी होत नाही. पण त्या दोन कामं करतात. रोजची सवय मोडू देत नाहीत आणि थोडं लोह देतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. हे पाहता त्या सात गोळ्या केराच्या डब्यात टाकू नयेत. त्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

आता तो पहिला, अकराव्या गोळीचा डाग. एरवीच्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनच्या जोरावर जाड होतं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन त्याला घट्ट धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन एकदम उतरतात आणि अस्तर एकाच वेळी सुटून येतं. त्यातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपतं. गोळीवर असताना अस्तर जाड होतच नाही, ते पातळ राहतं. त्याच्या वरच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती नाजूक होतात. त्यातली एखादी इथे फुटते, दोन दिवसांनी दुसरी तिथे. सगळ्या मिळून आवळल्या जाव्यात अशी ती शिस्तशीर पाळी नसल्यामुळे थेंब थेंब चालू राहतं. रक्त थोडं असतं आणि हळू उतरतं, म्हणून वाटेत त्याचा रंग तपकिरी होतो. तो रंग बघून ‘आत सडलंय’ असं वाटतं, पण ते नुसतं शिळं रक्त असतं.

हे गळणं थोपवून धरायचं काम गोळीतलं इस्ट्रोजेन करतं, आणि हे कळलं तेही अपघातानेच. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी गोळीच्या चाचण्या चालवल्या होत्या. 1956 मध्ये प्वेर्तो रिकोत त्यांची मोठी चाचणी सुरू झाली. गोळीत नॉरएथिनोड्रेल नावाचं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध होतं. ते बनवताना त्यात मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन अशुद्धी म्हणून किंचित उतरत होतं. रसायनशास्त्रज्ञांनी औषध शुद्ध केलं, तर स्त्रियांना मधेच रक्त जाण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा काढलेली अशुद्धी मोजून परत घालण्यात आली. 1960 मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मंजूर झालेल्या एनोविडच्या गोळीत ती 150 मायक्रोग्रॅम होती. पुढे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका ध्यानात आल्यावर इस्ट्रोजेन कमी कमी करत आणलं गेलं. आजच्या गोळ्यांत ते साधारणपणे 20 ते 35 मायक्रोग्रॅम असतं. जास्त सुरक्षित गोळीची थोडी किंमत मधल्या डागांच्या रूपाने मोजावी लागते, आणि ही गोष्ट गोळी देताना बाईला सांगायलाच हवी.

म्हणून पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर वाचावा. एथिनिल एस्ट्राडायॉलपुढे 0.02 लिहिलंय की 0.03? 0.02 म्हणजे 20 मायक्रोग्रॅमची गोळी. तिच्यावर मधले डाग 30 च्या गोळीपेक्षा जास्त जणींना आणि जास्त दिवस दिसतात. मैत्रिणीला एक डागही लागत नाही आणि मला लागतो, याचं उत्तर कित्येकदा या एका आकड्यात असतं. सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांनाही डाग जास्त दिसतात.

पहिली तीन पाकिटं ही शरीराने जुळवून घेण्याची मुदत समजावी. या काळात मधे मधे डाग लागणं, एखादा पातळ पॅड लागेल इतकं दोन-चार दिवस जाणं, किंवा लोहाच्या आठवड्यात अगदीच नावापुरतं दिसणं, हे सगळं सर्रास होतं. बहुतेक जणींचं तिसऱ्या पाकिटापर्यंत कमी होत जातं. या डागांचा गोळीच्या ताकदीशी संबंध नसतो. रोज वेळेवर गोळी पोटात जात असेल, तर डाग लागत असतानाही गर्भ राहण्यापासून तेवढंच संरक्षण मिळतं. डागाच्या भीतीने जी बाई गोळी सोडते, तिला मात्र धोका सुरू होतो.

या तीन महिन्यांत कालनिर्णय घरात असेल तर तोच वापरावा. ज्या दिवशी डाग, तिथे पेन्सिलीने एक ठिपका. पॅड लागला तर दोन ठिपके. गोळी चुकली तर फुली, उशीर झाला तर अर्धी फुली. पहिली गोळी ज्या तारखेला घेतली तिथे गोल. एवढ्या खुणांनी तीन महिन्यांचा नकाशा तयार होतो. ठिपके कुठेही विखुरलेले असतील आणि दर महिन्याला कमी होत असतील, तर शरीर रुळतंय. फुलीनंतर दोन-तीन दिवसांनी ठिपके येत असतील, तर दोष विसरण्यात आहे. रक्ताच्या औषधासाठी धावण्याआधी हा नकाशा बघायला पाच मिनिटं लागतात.

विसरणं ही खरोखरच सगळ्यात मोठी अडचण. एकत्र कुटुंबात पाकीट तांदळाच्या डब्यात नाहीतर साड्यांच्या घडीत लपवलेलं असतं. घरात पाहुणे आले, लग्नाला दोन दिवस गावाला जावं लागलं, की गोळी राहते. एका ठिकाणी ठरवून ठेवलेली वस्तू आणि रोज न चुकता होणारं काम यांची गाठ घालावी. रात्रीचं दात घासणं, मुलांचं दप्तर भरणं, झोपण्याआधीचा मोबाइलचा गजर, यांपैकी काहीही चालेल. शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात पाकीट ठेवू नये, उष्णतेने आणि ओलीने गोळ्या खराब होतात.

गोळी चुकल्यावर नेमकं काय बिघडतं, हे समजलं तर नियम पाठ करावे लागत नाहीत. सलग सात दिवस हार्मोनच्या गोळ्या गेल्या की अंडाशय शांत होतं. नंतर सात दिवस हार्मोन नसले तरी चालतं, कारण तेवढ्यात बीज पिकून सुटत नाही. पण लोहाच्या सात दिवसांत अंडाशय जागं व्हायला लागलेलं असतं. त्यामुळे नवं पाकीट दोन दिवस उशिरा सुरू झालं तर सातचे नऊ होतात आणि खरा धोका तिथे असतो. पाकिटाच्या शेवटी चुकलेल्या गोळ्यांचंही तसंच, बिनहार्मोनचे दिवस पुढच्या सातांना जोडले जातात. मधल्या आठवड्यात चुकलेली एखादी गोळी त्या मानाने कमी घातक, पण डाग मात्र लागू शकतो.

एक गोळी चुकली तर आठवण होताच घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळेला. त्यासाठी एकाच दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी घ्यायच्या, जास्तीत जास्त थोडी मळमळ होईल. सलग दोन किंवा अधिक चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्यायची, आधीच्या टाकून द्यायच्या, पाकीट चालू ठेवायचं आणि पुढचे सात दिवस निरोध वापरायचा. काही मार्गदर्शिका ही मर्यादा तीन गोळ्यांवर ठेवतात, पण दोनच धरलेल्या बऱ्या, फार तर सात दिवस निरोध जास्त वापरला जाईल. चुकलेल्या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर त्या ओळीतल्या हार्मोनच्या गोळ्या संपवून लोहाच्या सात वगळायच्या आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट फोडायचं. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि गेल्या पाच दिवसांत संबंध आला असेल, तर संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीसाठी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारायला उशीर करू नये. मात्र तातडीची गोळीही पुढचे काही दिवस रक्ताचं वेळापत्रक विस्कटते. दर महिन्याला ती घेणाऱ्या बाईच्या कॅलेंडरवर ठिपके मागेपुढे होतात, त्याचं आश्चर्य वाटू नये.

कधी कधी गोळी चुकत नाही, पण पोहोचतही नाही. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गेली असं धरून दुसरी घ्यावी. पावसाळ्यात दूषित पाण्याने दोन-दोन दिवस जुलाब-उलट्या होतात, तेव्हा ते दिवस चुकलेल्या गोळ्यांसारखेच मोजावेत. याहून गंभीर प्रकार क्षयरोगाच्या औषधांचा. ज्याने लघवी नारिंगी होते ते रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की गोळीतले हार्मोन भराभर नष्ट होतात. अशा वेळी मधे लागलेला डाग हा इशारा असू शकतो. टीबीचा कोर्स चालू असताना आणि तो संपल्यावरही चार आठवडे या गोळीवर विसंबू नये. तांबी किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन चालतं. फिटच्या आजारावरच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या औषधांचंही असंच आहे. तिथे फिटची गोळी मुळीच सोडायची नाही, गर्भनिरोधक बदलायचं. टीबीचे उपचार देणारा कर्मचारी आणि माला-एन देणारी सिस्टर एकाच आरोग्य केंद्रात बसतात, तरी ही गोष्ट दोघांच्या मधे हरवते. म्हणून बाईने स्वतःच दोन्ही पाकिटं एकत्र दाखवावीत. घशासाठी किंवा दाढेसाठी मिळणाऱ्या नेहमीच्या अँटिबायोटिकने मात्र गोळीचं काही बिघडत नाही.

आता एक गोष्ट, जिची खरी काळजी वाटते. मधे रक्त जायला लागलं की औषधाच्या दुकानात जाऊन ‘रक्त थांबायची गोळी’ मागितली जाते, आणि चिठ्ठीशिवाय ती मिळतेही. ती बहुतेक ट्रानेक्झॅमिक ॲसिडची असते, एकटी किंवा मेफेनॅमिक ॲसिडबरोबर. ट्रानेक्झॅमिक ॲसिड रक्ताची गुठळी टिकवून धरतं. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळीही शिरांत गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढवते. ही दोन औषधं एकत्र घेऊ नयेत. दुकानदाराला आपण गोळ्या घेतो हे सांगितलेलं नसतं आणि तोही विचारत नाही. डागांचा फार त्रास असेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन 800 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाच दिवस, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो आराम थोड्या दिवसांचा असतो. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा वेदनाशामकांनी वाढणारा दमा असेल तर तेही नको. म्हणून विचारूनच घ्यावं.

रक्त जाण्याचा त्रास शरीराला जितका, तितकाच घरातल्या रीतींनाही असतो, हे नाकारून चालणार नाही. जिथे अजून चार दिवस शिवायचं नाही, तिथे बारा दिवस डाग लागणाऱ्या बाईने काय करायचं? डाग म्हणजे बाहेरची झाली का, देवाजवळ जायचं का, हा प्रश्न दवाखान्यात कोणी विचारत नाही, पण गोळी बंद होण्यामागे तो मोठं कारण असतो. त्यावर प्रत्येकीने आपलं ठरवावं. पण हा विटाळाचा हिशेब ज्या पाळीवर बसवलाय, ती पाळी गोळीवर असताना येतच नाही, एवढं सासूबाईंना सांगायला हरकत नसावी.

गणपती-गौरी जवळ आल्या की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचा खप वाढतो. नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, पाळीच्या तारखेआधी तीन दिवसांपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. या गोळीने गर्भ राहण्यापासून संरक्षण मिळत नाही, हे अनेकींना ठाऊक नसतं. जी आधीच माला-एन किंवा तशीच गोळी घेते, तिला हिची गरजच नाही. गौरी लोहाच्या आठवड्यात येत असतील तर लोहाच्या सात गोळ्या सोडून दुसऱ्या पाकिटातली हार्मोनची पहिली गोळी लगेच सुरू करायची, की रक्त पुढे जातं. पाळी ढकलायची गोळी आणि गर्भनिरोधक गोळी दोन्ही एकदम घेतल्या तर उगाच हार्मोन वाढतं आणि नंतरचा गोंधळ निस्तरत नाही. सलग गोळ्या घेताना मधेच डाग सुरू झाले आणि थांबेनात, तर निदान 21 हार्मोनच्या गोळ्या सलग झाल्या असल्याची खात्री करून तीन-चार दिवस थांबायचं, मग पुन्हा सुरू. ही सुट्टी महिन्यात एकदाच, आणि सात दिवसांच्या पलीकडे कधीच नाही.

पीसीओडीसाठी, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या अंडाशयाच्या तक्रारीसाठी, अठरा-वीस वर्षांच्या मुलींना याच जातीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. आईला ‘संततिनियमनाची गोळी’ हे नाव ऐकूनच धसका बसलेला असतो, त्यात मुलीला मधे डाग दिसला की पाकीट कपाटात जातं. त्या मुलीसाठीही तीन महिन्यांची मुदत तीच, ठिपके तेच. डॉक्टरांनी तिच्या आईला हे पहिल्याच भेटीत सांगितलं, तर दुसरी भेट भांडणाची होत नाही.

वरचं सगळं दोन हार्मोनच्या गोळीबद्दल झालं. छाया ही गर्भनिरोधक गोळी वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध आधी सहेली नावाने आलं. त्यात हार्मोन नसतं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा घ्यायचं. तिच्यावर मधल्या डागांपेक्षा पाळी लांबण्याची तक्रार जास्त असते. लांबली तर आधी लघवीची तपासणी करून गर्भ नाही ना ते पाहावं. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन. त्यात नुसतं प्रोजेस्टिन असतं, आधार द्यायला इस्ट्रोजेन नाही, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत रक्त कधीही, कितीही दिवस, आणि पुढे पुष्कळ जणींचं बंदच होतं. पाकीट लपवायचा जाच नको म्हणून जी इंजेक्शन घेते, तिला हे आधी सांगितलं नाही तर तिची फसवणूक केल्यासारखंच होतं. अंगावर पाजणाऱ्या आयांना दिली जाणारी डेसोजेस्ट्रेलची गोळीही एकट्या प्रोजेस्टिनची. तिला सुट्टीचा आठवडा नसतो आणि तिच्यावर डागांचा भरवसा नसतो. रोजच्या वेळेपेक्षा बारा तासांहून जास्त उशीर मात्र चालत नाही.

प्रत्येक डाग गोळीच्या खात्यात टाकून गप्प बसणंही बरं नव्हे. सहा-आठ महिने सगळं नीट चालून अचानक सुरू झालेलं रक्त, संबंधानंतर दिसणारं रक्त, ताप किंवा वास येणाऱ्या पांढऱ्या पाण्याबरोबरचं रक्त, आठ दिवसांहून जास्त चालणारं किंवा नेहमीच्या दुप्पट जाणारं, तासाला एक पॅड भिजवणारं, गाठी पडणारं, यांतलं काहीही असेल तर तपासणी करून घ्यावी. गोळ्या चुकल्या असतील तर आधी गर्भ आहे का ते पाहावं. त्यासाठी ‘निश्चय’चं किट सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. गर्भ राहिलेला असताना नकळत गोळ्या घेतल्या गेल्या तर बाळाला अपाय होत असल्याचं दिसलेलं नाही, तेव्हा घाबरून कसलेही काढे पिऊ नयेत. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर आणि थोडं रक्त असं चित्र असेल तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो, तेव्हा त्याच घटकेला रुग्णालय गाठावं.

संबंधानंतरच्या रक्तासाठी गर्भपिशवीचं तोंड डोळ्यांनी पाहावंच लागतं. गोळीमुळे तिथला भाग लालसर होऊन सहज रक्त येऊ शकतं, ते निरुपद्रवी असतं. पण तिथे मोड, म्हणजे मांसाची छोटी वाढ, असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो, क्वचित कर्करोगही. तिशीनंतर पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरे डाग उमटतात का ते पाहण्याची तपासणी सरकारी केंद्रांत होते. तिला पाच-दहा मिनिटं लागतात आणि भूल लागत नाही. लाजेपोटी ही तपासणी टाळली जाते, आणि मग वर्ष-दोन वर्षांनी कोणीतरी ‘पिशवी काढून टाका’ म्हणतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पिशव्या तरुण वयातच मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. अंगावरून जाण्याच्या तक्रारीवर तपासणी आणि औषधं हा पहिला रस्ता असतो, हे त्यांतल्या कितीतरी जणींना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि काही खुणा अशा आहेत की तिथे रक्ताचा विचार बाजूला ठेवून गोळी थांबवायची आणि तडक डॉक्टरांकडे जायचं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत कळ किंवा धाप, कधी नव्हे असं भयंकर डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा दिसेनासं होणं, पोटात असह्य कळ. पस्तिशीनंतर सिगारेट ओढणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसणाऱ्या, आणि बाळ सहा महिन्यांचं व्हायच्या आत अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही दोन हार्मोनची गोळी सुरूच करू नये. त्यासाठी गोळी देण्याआधी रक्तदाब मोजायलाच हवा.

तिसरं पाकीट संपूनही ठिपके कमी होत नसतील, गोळ्या चुकत नसतील आणि तपासणीत काही निघालं नसेल, तर गोळी बदलण्याची वेळ आली. 20 ची चालू असेल तर 30 ची, किंवा प्रोजेस्टिन वेगळं असलेली. डॉक्टरांपुढे रिकामी पाकिटं आणि कॅलेंडरची पानं ठेवली की त्यांचं काम निम्मं होतं. नव्या गोळीलाही पुन्हा तीन महिने द्यावे लागतात. दर दोन-तीन आठवड्यांनी गोळ्या बदलत राहिलं तर अस्तराला स्थिर व्हायला वेळच मिळत नाही.

नवं पाकीट सुरू करताना एक चूक पुष्कळदा होते. पाळी संपू दे, मग घेईन, असं म्हणून थांबलं जातं. थांबायचं नसतं. 28 गोळ्यांच्या पाकिटातली शेवटची लोहाची गोळी आज संपली, तर उद्या नव्या पाकिटातली पहिली. 21 गोळ्यांचं पाकीट असेल तर सात दिवस मोकळे सोडून आठव्या दिवशी. पहिलं पाकीट बुधवारी सुरू झालं असेल तर पुढचं प्रत्येक पाकीट बुधवारीच सुरू होईल. त्या बुधवारी रक्त जात असलं तरी, थांबलेलं असलं तरी, किंवा त्या आठवड्यात मुळीच दिसलं नसलं तरी.